वजन कागदावर असतं, उचलणाऱ्याला कोण सांगतं?

पेशंटचं नेमकं वजन ऑपरेशन थिएटरमध्ये कुणाला ठाऊक असतं? भूल देणाऱ्या डॉक्टरांना. भुलेच्या औषधांचा डोस किलोवर ठरतो, त्यामुळे प्री-ॲनेस्थेटिक चेकअपच्या कागदावर वजनाचा रकाना भरलेला असतोच. पण त्याच पेशंटला ट्रॉलीवरून टेबलावर घेणारे जे चार-पाच जण असतात, म्हणजे मामा, मावशी, टेक्निशियन आणि आम्ही सिस्टर, त्यांच्यापैकी कुणालाही तो आकडा कुणी सांगत नाही. चादर मुठीत धरली, 'एक, दोन, तीन' झालं, ओढायला लागलं की कळतं, हा माणूस सत्तर किलोचा नाही, पंच्याण्णवचा आहे. तोवर कंबरेचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

मी गोव्यातल्या एका इस्पितळात ओटी सिस्टर आहे. माहेर डिचोली तालुक्यातलं, नर्सिंग बांबोळीला झालं आणि नोकरीची बहुतेक वर्षं थिएटरमध्येच गेली. माझ्या वयाच्या ओटीतल्या बायकांना एकत्र बसवून विचारा, कुणाची कंबर अजून धड आहे? हात फारसे वर होणार नाहीत. चहाच्या वेळी 'उसण भरली', 'चमक आली', 'डावा पाय जड झालाय' हे इतक्या सहज बोललं जातं, जणू वयाबरोबर ते यायचंच. मला हे मुळीच मान्य नाही. या दुखण्याचा मोठा भाग टाळता येतो, आणि टाळायची सुरुवात त्या कागदावरच्या आकड्यापासून होते.

वॉर्डातला पेशंट थोडीफार मदत करतो. कोपर टेकतो, गुडघा दुमडतो, कॉटच्या कठड्याला धरतो. पूर्ण भुलेतला माणूस काहीच करत नाही. स्नायू सैल करायचं औषध दिलेलं असतं, तोंडात ट्यूब असते, मान दुसऱ्याने सांभाळायची असते, हात सोडला तर टेबलाखाली लोंबतो. स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन भूल, दिलेला पेशंट आपल्याशी गप्पा मारत असतो, पण कंबरेखालचे दोन्ही पाय त्याच्या ताब्यात नसतात. त्यात जागा किती? एका बाजूला ॲनेस्थेसियाची मशीन, दुसऱ्या बाजूला सी-आर्म, म्हणजे एक्स-रेचं फिरतं मशीन, खाली विजेने रक्त थांबवणाऱ्या डायथर्मीच्या आणि रक्त-पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या वायरी-नळ्या. जमिनीवर सलाईन सांडलेलं. नीट पाय रोवून उभं राहायलासुद्धा जागा शोधावी लागते. आणि शिफ्टिंगची वेळ नेमकी घाईची, कारण पुढची केस बाहेर येऊन थांबलेली असते.

आमच्याकडे ऑर्थोची कामं खूप. स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलेली तरुण मुलं, न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेल्या आज्या. मोडलेल्या पायाला प्लास्टरचा स्लॅब असतो, त्याचं ओझं वेगळं. किनाऱ्याकडच्या इस्पितळांत भाड्याच्या स्कूटरवरून पडलेले धिप्पाड परदेशी पर्यटकही येतात. आणि आपली माणसंही आता हलकी राहिलेली नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त स्त्रिया अधिक वजनाच्या निघाल्या. ट्रॉलीवर येणारं वजन वाढत गेलं, उचलणारे हात मात्र तेवढेच.

हे दुखणं होतं कसं, ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कंबरेवर फक्त हातातल्या वजनाचा भार येतो. तसं नाही. पाठीचे जे स्नायू आपल्याला सरळ धरून ठेवतात ते मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर मागे असतात. आपण टेबलावरून पलीकडे वाकून, हात लांब करून पेशंट ओढतो तेव्हा वजन मणक्यापासून अर्धा मीटर पुढे असतं. म्हणजे पुढच्या प्रत्येक किलोसाठी पाठीच्या स्नायूंना साधारण दहा किलोची ओढ द्यावी लागते, आणि ती सगळी दाबून बसते खालच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर. आपल्या वाकलेल्या धडाचं वजन त्यात अजून धरलेलंच नाही. वाकताना थोडंसं वळलो, जे ओटीत होतंच, तर चकतीवर पीळही बसतो. एका दिवसात चकती सरकते असं क्वचित होतं. वर्षानुवर्षं हे साठत जातं आणि एखाद्या सकाळी बुटाची नाडी बांधताना पाय धरतो. मग आपण म्हणतो, नाडी बांधताना झालं.

यावर आम्हाला शिकवलेला उपाय ठरलेला आहे: गुडघे वाका, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या. तांदळाची पिशवी उचलताना हे ठीक. पण आमच्या मध्ये ऑपरेशन टेबल असतं. गुडघे वाकवले तर ते टेबलाच्या कडेवर आपटतात. वजन अंगाजवळ घ्यायचं म्हटलं तर पेशंट तिकडे ट्रॉलीवर, मी इकडे. २०११ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी वजन हाताळण्याच्या प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र तपासले. नुसतं कसं उचलायचं ते शिकवून कंबरदुखी टळते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. कंबरेच्या पट्ट्याचंही तेच. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं होतं की निरोगी कामगारांनी इजा टाळायला पट्टा वापरावा अशी शिफारस आम्ही करत नाही. आमच्या कितीतरी मावश्या पदरमोड करून पट्टा आणतात आणि 'आता काही होणार नाही' या भरवशावर जास्तच जोर लावतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. ज्यांना डॉक्टरांनी दुखण्यासाठी पट्टा दिला आहे त्यांची गोष्ट वेगळी.

तर मग किती वजन उचलावं? नायॉशच्या सूत्रात सगळी परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे पेटीला दोन्ही बाजूंना कान आहेत, ती अंगाजवळ आहे, वळायचं नाही, तर मर्यादा २३ किलो धरलेली आहे. पण माणूस ही पेटी नाही. तो निसटतो, वळतो, त्याला धरायला कान नसतात. म्हणून त्याच संस्थेतल्या टॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये नर्सिंगच्या मासिकात लिहिलं की पेशंट हाताने हलवताना एका माणसावर १६ किलोंपेक्षा जास्त भार येऊ नये, आणि तेही सगळं अनुकूल असताना. आता हिशेब करा. पंच्याण्णव किलोचा पेशंट, धरणारे चौघे. समान वाटणी झाली तरी माणशी चोवीस किलो. आणि वाटणी समान होत नाहीच, धडाकडे उभ्या असलेल्यांच्या वाट्याला पायाकडच्यांपेक्षा कितीतरी जास्त येतं. अमेरिकेतली ओटी नर्सेसची संघटना, एओआरएन, तिच्या मार्गदर्शनात ट्रॉली ते टेबल या सरकवण्यासाठी सुमारे ७१ किलोंची रेषा आखलेली आहे. त्याच्या आत सरकवायचं साधन आणि चार माणसं. त्याच्या वर हवेची गादी, म्हणजे हवा भरून पेशंटला अलगद सरकवणारी, किंवा यांत्रिक साधन. म्हणजे जी गोष्ट आपण रोज सहज करतो, पंच्याऐंशी किलोचा माणूस नुसत्या चादरीने ओढणं, ती त्यांच्या लेखी करायचीच नाही.

हे आकडे वाचून झाल्यावर मी आमच्या लिस्टच्या फळ्याकडे पाहिलं. पेशंटचं नाव, वय, ऑपरेशन, सर्जन, भुलेचा प्रकार, रक्ताची सोय, सगळं होतं. वजन नव्हतं. मी एक रकाना वाढवला. भूल देणाऱ्या ॲनेस्थेटिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी स्वतःहून आकडे सांगितले, कारण त्यांच्यासाठी तो रोजचाच आकडा होता, आजवर कुणी विचारलाच नव्हता. शेजारी दुसरा रकाना आला: कसा येणार, कसा जाणार. 'चालत', 'स्वतः सरकेल', 'रोलर', 'रोलर आणि सहा जण'. रोलर म्हणजे पेशंटला सरकवायची फिरत्या आवरणाची फळी. सकाळी लिस्ट वाचताना हे वाचलं जातं, त्यामुळे दुसऱ्या ओटीतली दोन माणसं नेमकी कोणत्या केसला लागणार हे आधीच ठरतं. ऐनवेळी कॉरिडॉरमध्ये 'कोण आहे रे तिथे, जरा हात लाव' अशी हाक मारायची वेळ येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधीची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. ॲलर्जी आहे का, रक्त लागेल का, ट्यूब घालायला अवघड जाईल का, हे सगळं आपण आता मोठ्याने विचारतो. त्याच वेळी वजन मोठ्याने उच्चारायला असा कितीसा वेळ लागतो?

या रकान्याचा सगळ्यात मोठा फायदा मात्र मला अपेक्षित नव्हता. 'कसा येणार' लिहायला लागल्यावर लक्षात आलं की आमचे निम्म्याहून अधिक पेशंट स्वतः टेबलावर चढू शकतात. हर्नियाचा माणूस, पित्ताशयाची बाई, सिझेरियनला येणारी आई. आपणच सवयीने त्यांना ट्रॉलीवर आडवं करून आणायचो आणि चादरीने उचलायचो. आता भूल द्यायच्या आधी, माणूस जागा आणि धड असताना, पायरीचं स्टूल ठेवून त्याला हाताला धरून टेबलावर बसवायचं. एक उचलणं मुळातच गेलं. पेशंटलाही हे बरं वाटतं, ओझ्यासारखं हलवलं जाण्यापेक्षा आपल्या पायांनी जाणं कुणाला आवडणार नाही? अर्थात ज्याला चक्कर येते, ज्याला आधीच झोपेचं औषध दिलंय, ज्याचं हाड मोडलंय, त्याला हे सांगायचं नाही. खुबा मोडलेल्या आजीला तर हलवण्याआधी ॲनेस्थेटिस्ट ट्रॉलीवरच फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे जांघेत बधिर करायचं इंजेक्शन, देतात. दुखणं कमी असलं की आजी अंग आखडून घेत नाही, आणि आम्हालाही झटका बसत नाही.

ज्यांना हलवावंच लागतं त्यांना उचलायचं नाही, सरकवायचं. रोलर बोर्ड बऱ्याच इस्पितळांत असतो, बहुतेक वेळा भिंतीला टेकून धूळ खात. तो वापरत नाहीत कारण 'वेळ जातो'. आधी ट्रॉली टेबलाला चिकटवायची आणि दोन्हींचे ब्रेक लावायचे. ब्रेक फक्त पायाने दाबून चालत नाही, हाताने हलवून पाहायचं, कारण आमच्या दमट खाऱ्या हवेत ट्रॉलीची चाकं आणि ब्रेक गंजतात. मग टेबलाची उंची. टेबल सर्जनच्या सोयीने वर किंवा खाली गेलेलं असतं आणि शिफ्टिंगच्या वेळी कुणी ते परत आणत नाही. आपल्या कंबरेच्या जरा वर, हलवणाऱ्यांपैकी मधल्या उंचीच्या माणसाला सोयीचं पडेल इतकं ठेवायचं, आणि ज्याच्यावर जायचं ती बाजू अगदी थोडी खाली. पेशंटला ड्रॉशीटने, म्हणजे त्याच्या अंगाखालच्या आडव्या चादरीने, एका कुशीवर किंचित कलवून बोर्ड पाठीखाली एक तृतीयांशापर्यंत सरकवायचा, मध्ये फट राहू द्यायची नाही. ओढणाऱ्यांनी एक पाय पुढे, एक मागे ठेवून मागच्या पायावर वजन घेत जायचं, खांद्यांनी हिसका द्यायचा नाही. ढकलणाऱ्यांनी टेबलावर गुडघा टेकून चढायचं नाही. आणि सरकवण्याआधी नळ्या मोजायच्या: सलाईन, कॅथेटर, ड्रेन. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, जुन्या बाजूला अडकवलेली राहिली तर नळीला हिसका बसून काय होतं ते ओटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पेशंट फार जड असेल तर टेबलावरची कंपनीची पाटीही एकदा वाचायची, कमाल वजन त्यावर लिहिलेलं असतं.

'एक, दोन, तीन' यावर मी जरा थांबते. आमच्या ओटीत कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड, मल्याळी बोलणारी माणसं एकाच चादरीला धरतात. कुणी तीन म्हणताना ओढतो, कुणी तीन म्हणून झाल्यावर. त्या अर्ध्या सेकंदात सगळं वजन एकाच्या हातात येतं, आणि बहुतेकदा इजा तेव्हाच होते. आपल्याकडे चवथीला विसर्जनासाठी गणपती पाटासकट उचलतात तेव्हा घरातला एक जाणता माणूस बोलतो, बाकीचे फक्त ऐकतात, आणि कोण कुठला कोपरा धरणार हे हात लावायच्या आधी ठरलेलं असतं. ओटीत तो जाणता माणूस म्हणजे डोक्याकडे उभे असलेले ॲनेस्थेटिस्ट. ट्यूब आणि मान त्यांच्या हातात, म्हणून हुकूमही त्यांचाच. आम्ही ठरवलं: ते विचारणार 'तयार?', सगळे 'तयार' म्हणणार, आणि 'तीन' या शब्दावर हलवायचं, नंतर नाही. एकजण जरी 'थांबा' म्हणाला, मग तो कालच आलेला कंत्राटी अटेंडंट असो, तरी सगळ्यांनी थांबायचं. यातलं शेवटचं रुजवायला सगळ्यात कष्ट पडले.

शिफ्टिंग दिसतं तरी. पाय धरून उभं राहणं कुणाच्या नजरेतच येत नाही. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन असेल तर बीटाडाइनने पाय पूर्ण रंगवून होईपर्यंत एकाने तो टाचेला धरून उंच ठेवायचा असतो. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतका भरतो. बहात्तर किलोच्या माणसाचा बारा किलोंच्या आसपास. बारा किलो, हात पुढे ताठ, हलायचं नाही, कारण हललं की स्वच्छ केलेली जागा कशालातरी लागणार. हे काम नेहमी सगळ्यात नव्या मुलीच्या वाट्याला येतं. तिला वाटतं आपल्यातच ताकद कमी. अगं बाय, तुझ्यात काही कमी नाही, ते काम एका माणसाने करायचंच नाही. पाय धरायचा होल्डर असेल तर तो लावायचा. नसेल तर दोघींनी मिळून धरायचा, एकीने टाच आणि एकीने गुडघ्याखाली, आणि रंगवणाऱ्याने बाकीची तयारी आधी पूर्ण करून मगच पाय वर घ्यायला सांगायचं. आमच्याकडे पूर्वी पाय हवेत धरलेला असायचा आणि स्पंज होल्डर शोधायला माणूस जायचा. तो क्रम फक्त बदलला, तरी धरायचा वेळ निम्मा झाला. लिथोटॉमीत, म्हणजे पाठीवर झोपवून दोन्ही पाय वर फाकवून ठेवतात त्या स्थितीतही, दोघांनी दोन पाय एकदम वर घ्यायचे आणि एकदम, सावकाश खाली आणायचे. यात आमच्या कंबरेची सोय आहे आणि पेशंटच्या खुब्याची आणि रक्तदाबाचीही.

मणक्याच्या ऑपरेशनसाठी पेशंटला पालथं करणं हा मला अजूनही सगळ्यात जोखमीचा क्षण वाटतो. तिथे आम्ही सहा जणांशिवाय हात लावत नाही, सर्जननी स्वतः यायचं, आणि ते येतात. आधी यायचे नाहीत असं नाही, कुणी बोलवायचं नाही. फळ्यावर 'सहा' लिहिलेलं असलं की बोलवायला संकोच वाटत नाही.

बाकी ओझी लहान दिसतात पण रोजची आहेत. गुडघे बदलायच्या केसला कृत्रिम सांध्याच्या कंपनीचा मुलगा एकावर एक अवजारांचे ट्रे आणून ठेवतो. अमेरिकेतल्या एएएमआय या वैद्यकीय उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे गुंडाळलेला ट्रे २५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११ किलोंच्या वर असू नये. आम्ही सीएसएसडीत, म्हणजे अवजारं निर्जंतुक करायच्या विभागात, वजनकाटा ठेवला आणि त्याहून जड निघालेले ट्रे दोन भागांत करायला कंपनीला सांगितलं, त्यांनी ते केलं. जड ट्रे कंबरेच्या उंचीच्या फळीवर, हलके वर आणि खाली. प्रोस्टेटच्या आणि आर्थ्रोस्कोपीच्या (दुर्बिणीने सांध्याच्या) केसला आत धुवायच्या द्रवाच्या तीन लिटरच्या पिशव्या डोक्यावर हात करून लटकवायच्या असतात, एका केसमध्ये कितीतरी वेळा, आणि त्याने खांदे जातात. स्टँड खाली घ्या, पिशवी अडकवा, मग वर करा, एवढंच करायचं. मोठा ऑक्सिजन सिलिंडर पन्नास किलोंच्या वर असतो, तो ट्रॉलीशिवाय, तळावर गोल फिरवत नेणं बंदच केलेलं बरं. एक्स-रेपासून वाचवणारा लेड ॲप्रन पाच ते सात किलोंचा. तो खांद्यावर लटकण्यापेक्षा घागरा आणि जाकीट असा दोन भागांचा घेतला तर निम्मं ओझं खुब्यावर जातं, आणि सी-आर्म बाजूला गेला की ॲप्रन काढायला कुणी हरकत घेत नाही. गरोदर सिस्टरना शिफ्टिंगमधून बाजूला ठेवायला त्यांनी विनंती करायची गरज पडू नये.

आता दुखायला लागलंय त्यांच्यासाठी. कंबर धरली तर दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहू नका, झेपेल तेवढं हालत राहा, पण उचलायचं काम थांबवा आणि त्याच दिवशी इन्चार्जला लेखी कळवा. आपल्याकडे हे लेखी कुणी देत नाही. मी जिथे पूर्वी काम केलं तिथे एका सीनियर सिस्टरने दोन पाळ्या मिळून कितीतरी पेशंट ओढले, दुसऱ्या दिवशी पाय बधिर. रजा तिच्याच खात्यातून गेली, कारण कामावर लागलं याची कुठेच नोंद नव्हती. पुढे तिची चकती सरकल्याचं एमआरआयमध्ये निघालं, तिला ओटी सोडावी लागली. ती उत्तम स्क्रब नर्स, म्हणजे ऑपरेशनात सर्जनच्या हातात अवजारं देणारी नर्स, होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही आजही तिच्याच पद्धतीने ट्रॉली मांडतो. आणि ही एक गोष्ट लक्षात ठेवाच: दोन्ही पायांत मुंग्या, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा आवरता न येणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही झालं तर शेक-तेल करत घरी बसू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मज्जातंतू दाबले गेले असतील तर तिथे तासांना किंमत असते.

मला सर्वात जास्त काळजी कंत्राटी मामा-मावश्यांची वाटते. सगळ्यात जास्त ओढतात ते, आणि रजा घेतली तर त्या दिवसाचा पगार जातो. म्हणून ते दुखणं सांगत नाहीत, संध्याकाळी बस पकडून साखळीला नाहीतर पेडण्याला जातात आणि घरी विहिरीचं पाणीही ओढतात. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्यात कलम ३४ लिहिलं गेलं, इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये म्हणून. टेक्सासने २००५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये खास इस्पितळांसाठी पेशंट सुरक्षित हलवण्याचे कायदे केले. आपल्याकडे तोवर निदान खरेदीच्या कागदावर तरी आपला आवाज उमटला पाहिजे.

इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, भरताना नुसतं 'रोलर बोर्ड १' असं लिहू नका. तो परत येतो, नाहीतर स्वस्तातला येतो. आम्ही महिनाभर फळ्यावरचा वजनाचा रकाना वहीत उतरवून घेतला, ७१ किलोंच्या वरचे पेशंट वेगळे काढले, त्या दिवशी धरायला किती जण होते ते शेजारी लिहिलं आणि ती पानं मागणीला जोडली. पुढच्या खरेदीत प्रत्येक थिएटरला एक रोलर आणि दोन जोड स्लाइड शीट, म्हणजे सरकवायच्या गुळगुळीत चादरी, मंजूर झाल्या. हवेच्या गादीची मागणी अजून टेबलावर आहे. तिच्यासाठीची वही मी चालूच ठेवली आहे.